टिचबटणांची पट्टी

आमच्या वहिनीला पाहुण्याचा चेहरा नंतर दिसतो, आधी त्याची शिवण दिसते. मला पहिल्यांदा भेटली तेव्हा कशी आहेस वगैरे काही नाही. माझी बाही चिमटीत धरून म्हणाली, "ही कुणी शिवली गं? त्याला परत काही शिवायला देऊ नकोस." ती बाही मीच शिवली होती. तेव्हापासून मी तिला वचकून आहे, आणि चार दिवस ती भेटली नाही तर मला करमतही नाही.

वहिनी विमान कंपनीच्या शिवणखात्यात होती. विमानतळाच्या मागच्या अंगाला पत्र्याची लांबट शेड, अकरा मशिनं, अकरा बायका आणि एक सुपरवायझर. बायका त्याला मागून टाचणी म्हणत, कारण तो धरून ठेवायचा कमी आणि टोचायचा जास्त. विमानातल्या खुर्च्यांची कव्हरं इथे शिवली जात. "मी विमान कंपनीत आहे" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांत आदर दाटून यायचा. वहिनीला तो सहन होत नसे. "विमानात नाही हो, विमानाच्या गाद्यांत," असं सांगून ती मोकळी व्हायची.

या शेडची एक रीत होती. कव्हर शिवून झालं की खुर्चीवर चढवायचं आणि त्यावर मावशीला बसवायचं. मावशी खात्यातली सगळ्यात वजनदार बाई. तिने बसून तीनदा डावी-उजवी कूस बदलली आणि टाका तुटला नाही, तर कव्हर पास. कंपनीच्या कुठल्याही पुस्तकात ही परीक्षा नव्हती, पण मावशीने पास केलेलं कव्हर कधी परत आलं नाही.

मग नव्या जातीची विमानं आली. त्यांत वैमानिकाची खुर्ची मोटारीवर पुढेमागे सरके. तिचं एक बटण बसणाऱ्याच्या हाताशी होतं, ते ठीकच. पण मागे उभ्या असलेल्या माणसालाही खुर्ची सरकवता यावी, असं कुणा विद्वानाला वाटलं आणि त्याने दुसरं बटण पाठीच्या वरच्या कडेला बसवलं. माणूस टेकायला नेमका जिथे हात ठेवतो, तिथेच! त्यावर प्लॅस्टिकचं झाकण होतं, पण झाकणाला खटका नव्हता. झाकणावर भार पडला की खालचं बटण दाबलं जाई. एवढं सुंदर डोकं चालवायला त्या माणसाने किती वर्षं शिक्षण घेतलं असेल, देव जाणे.

कव्हर कुठे ताणतंय ते बघायला शेडमध्ये खुर्चीला वीज जोडायची सोय होती. मावशी बसली, एक कूस झाली, आणि वहिनीने कड तपासायला पाठीवर हात टेकला. झाकण बटणावर अडकून बसलं, आणि खुर्ची सुरू झाली ती थांबेचना. मावशी पोटाने समोरच्या टेबलावर जाऊन दाबली गेली, टेबलावरचा चहा सांडला, सगळ्या बायका हसून हसून बेजार. वहिनी हसली नाही. तिने मावशीला सोडवलं आणि विचारलं, "विमानात या टेबलाच्या जागी काय असतं?"

विमानाचं नाक वरखाली करणारा दांडा असतो. वैमानिकाचं पोट त्यावर दाबलं गेलं की विमान नाक खाली घालतं.

तिने त्याच दिवशी तक्रार लिहिली. आता गंमत बघा. शिवणखात्याकडे तक्रारीचा एकच फॉर्म होता, 'कापड व दोरा'. तिने त्यावरच लिहिलं. तक्रार कापडाच्या विभागात गेली आणि तीन आठवड्यांनी उत्तर आलं, "नमुना जोडला आहे, याहून जाड कापड वापरावे." तिने पुन्हा लिहिलं. या वेळी दोऱ्याची दोन रिळं आली.

तेव्हा वहिनीने आपल्या पद्धतीने तोडगा काढला. खिशावर असते तशी एक पट्टी शिवली, आत कडक पुठ्ठ्यासारखं अस्तर घातलं आणि झाकणाच्या दोन्ही बाजूंना टेकेल अशी कव्हरला जोडून दहा टिचबटणांनी बंद केली. हात टेकला तर भार पट्टीवर पडे, बटणापर्यंत पोचतच नसे. मावशीने स्वतः टेकून पाहिलं, खुर्ची हलली नाही. चौदा खुर्च्यांना त्या पट्ट्या लागल्या. वैमानिकांपैकी कुणाचीही कुरकुर नव्हती.

कुरकुर केली ती तपासनिसाने. खुर्चीच्या मंजूर नकाशात ही पट्टी नाही! टाचणी धावत शेडमध्ये आला. "कुणाला विचारून लावल्या? आजच्या आज सगळ्या उसवा. नाहीतर घरी बसा."

"लेखी द्या," वहिनी म्हणाली.

"पट्टी लावताना लेखी घेतलं होतं का?" टाचणी म्हणाला. आयुष्यात त्याला एवढं चोख उत्तर एकदाच सुचलं, आणि तेही या कामासाठी.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन जवळच असलेल्या माझ्या घरी आली. दादा तेव्हा आजारपणामुळे घरी होता, घर तिच्याच पगारावर चाललं होतं. तिच्या पुढ्यातली पोळी तशीच होती. "काय करू गं?" तिने विचारलं. एरवी ती मला भाजीत मीठ किती घालू तेसुद्धा विचारत नाही. मी चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवल्या. म्हटलं, "उसव आणि मोकळी हो. विमान बनवणारे काय मूर्ख आहेत? तू काय सगळ्या जगाचा ठेका घेतलायस?"

ती परत गेली आणि तिने चौदाही पट्ट्या उसवल्या.

सात महिन्यांनी त्याच खुर्च्यांचं एक विमान उतरता उतरता नाक खाली घालून जमिनीवर आदळलं. एकशे अठ्ठावीस माणसं गेली. वैमानिकाला चहा द्यायला आत गेलेल्या मुलीने ट्रे सावरताना खुर्चीच्या पाठीला हात टेकला होता, हे पुढे विमानातल्या ध्वनिमुद्रणावरून कळलं.

मग चौकशी आयोग बसला. आधी सगळा दोष वैमानिकावर टाकून झाला. मेलेला माणूस उलट उत्तर देत नाही, ही फार सोय असते. मग चहा नेणाऱ्या मुलीचा नंबर लागला. तेवढ्यात ढिगाऱ्यात त्या खुर्चीच्या कव्हरचा तळहाताएवढा तुकडा सापडला आणि त्यावर उसवलेल्या टाक्यांची भोकं दिसली. विमान बनवणाऱ्या कंपनीच्या वकिलाचा चेहरा उजळला. "कव्हरशी छेडछाड झाली आहे!" दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा, 'शिवणकाम करणाऱ्या बाईमुळे अपघात?' ते प्रश्नचिन्ह म्हणजे पेपरवाल्यांची सभ्यता. दादाने तो पेपर लपवला, पण शेजारणीने आठवणीने आणून दिला.

वहिनीला घरी बसवलं. टाचणीने आयोगापुढे सांगितलं की पट्ट्यांबद्दल आपल्याला काही आठवत नाही. मावशीला मात्र सगळं आठवत होतं. साक्षीला जाऊन तिने खुर्ची मागवली, तीत बसली आणि वकिलाला म्हणाली, "मागे टेका बरं जरा, साहेब." वकील टेकला. पुढे काय झालं ते सगळ्या आयोगाने पाहिलं. मग एकेक कागद बाहेर येऊ लागला. परदेशात दोन वैमानिक याआधी असेच दाबले गेले होते, नशिबाने तेव्हा विमानं उंचावर होती. बनवणाऱ्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी काय केलं? विमानासोबतच्या माहितीपुस्तकाच्या दोनशे चौदाव्या पानावर एक ओळ छापली, "खुर्चीच्या पाठीस टेकू नये."

शेवटच्या दिवशी वहिनीला बोलावलं. आता वारं फिरलं होतं, सगळे तिच्याशी गोड बोलत होते. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमचा काही दोष नाही. तुम्ही वरिष्ठांची आज्ञा पाळली, एवढंच. तुम्ही जाऊ शकता."

वहिनी जागची हलली नाही. "लिहून घ्या," ती म्हणाली, "पट्ट्या मी उसवल्या. खुर्ची काय करते ते मला माहीत होतं. त्याने सांगितलं हे खरं, पण उसवल्या मी."

"त्याची गरज नाही, बाई."

"तुम्हाला नसेल. मला आहे."

अध्यक्षांनी लिहून घेणाऱ्याकडे बघून मान हलवली आणि त्याने पेन खाली ठेवलं. सगळ्यांसमोर वहिनी रडली, आणि पदराने डोळे पुसत तेच पुन्हा म्हणाली.

सहा महिने आयोग चालला, छप्पन्न जणांच्या साक्षी झाल्या. इंजिनिअर, वकील, तपासनीस, साहेब, सगळे येऊन हात वर करून गेले. 'मी केलं' असं म्हणणारी ती एकटी. छापील अहवालात ते वाक्य कुठेही नाही, मी दोनदा शोधलं.

मीही त्या दिवशी तिथेच होते, तिसऱ्या बाकावर. तिला उसव म्हणणारी मी होते, आणि मीही उठले नाही.