रेवसच्या बोटीत मिल्काआत्या

दुपारी अर्धी भरलेली बॅग तशीच सोडून मी पलंगावर आडवी होते. मंगळवारचं विमान आहे. इस्राएलला, अश्दोदला, भावाकडे. कायमचं. डोंगरीतल्या या खोलीत आम्हा झिराडकरांपैकी आता मी एकटीच उरले आहे. डोळे मिटतात न मिटतात तोच मिल्काआत्या पायाशी येऊन बसते. तिला जाऊन वर्ष झालं.

"पाय घे गो जरा," ती म्हणते.

मी पाय घेते तर पलंग डुलतो. खाली पाणी आहे. भाऊचा धक्का मागे मागे चाललाय, आणि आम्ही रेवसच्या बोटीत आहोत. आमच्याच घरातली माणसं दाटीवाटीनं बसली आहेत. कपड्यांना तिळाच्या तेलाचा वास.

"हा माझा आजा," आत्या सांगते. "झिराडला याचा घाणा होता. शनिवारी शब्बाथ, बंद म्हणजे बंद. बैलालासुद्धा सुट्टी."

म्हातारा माझ्याकडे निरखून बघतो. "कुणाची तू?"

"हनोखची धाकटी."

तो मान हलवतो आणि मला जागा करून देतो. मी बसते ती आत्याच्या आजारपणात तिच्या उशाशी असायची त्या माझ्या खुर्चीत. समोर तिची खाट, औषधांच्या बाटल्या, ओली चादर.

"आत्या, त्या पहाटे माझा डोळा लागला. नऊ वर्षं तुझं सगळं केलं, आणि नेमकी तेव्हाच..."

"ठाऊक आहे. घोरत होतीस."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारणार होते. म्हटलं, दमलीय पोर, झोपू दे. शेजारी कुणीतरी घोरत होतं, म्हणून मला भीती नाही वाटली बघ."

मला रडायचं असतं, पण तेवढंही त्राण नाही. ती माझ्या मागे उभी राहते, केस हातात घेते.

"मी गेल्यावर तुमच्या कबरींवर कोण येणार गं?"

"आजानं गाव सोडलं तेव्हा त्याच्या बापाची कबर मागे राहिलीच ना? कुणी त्याला बोल लावला नाही. जा तू. आणि मान सरळ ठेव."

मी मान सरळ करते आणि जागी होते. उन्हं भिंतीवर चढली आहेत. खोलीत कुणी नाही.

आत्याला उचलून उचलून माझा उजवा खांदा कामातून गेलाय. हात कानाच्या वर जात नाही, म्हणून केस मोकळेच असतात. आता पाठीवर वेणी आहे. इतकी घट्ट, की कपाळ ताणलंय.