आईनं डॉक्टर निवडला

आईच्या उजव्या छातीत गाठ लागली तेव्हा तिच्या हातमागावर एक नऊवारी अर्धी विणून झाली होती. आठ दिवस ती कुणाला काही बोलली नाही. नऊवारी पुरी केली, घडी घालून दुकानात पोचवली, आणि मग न्हाणीत मला बोलावून माझी बोटं त्या जागेवर ठेवली.

"पाय बरं वं, तुले काय लागते?"

बोराच्या बीएवढं काहीतरी टणक लागलं. दुखतं का, मी विचारलं.

"दुखत नाई. म्हणूनच भेव लागून राहिलं."

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आम्ही नागपूरच्या जुन्या विणकर वस्तीत राहत होतो. घरातला माग आजोबांचा. बाबा गिरणीत लागल्यावर तो बंद पडला असता, पण आईनं तो धरला. आमच्या वस्तीत बायका कांड्या भरत, सूत उकलत. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे ते पुरुष. आई बसायला लागली तेव्हा लोक दारातून वाकून बघून जात. ती चौथी शिकलेली होती. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच.

वस्तीतल्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. त्याचा रिपोर्ट आणायला मीच गेले. वाटेतच सायकल एका भिंतीला टेकवून मी पाकीट उघडलं. बरेच शब्द कळले नाहीत. एक कळला.

घरी आले तर आई कणीक मळत होती. "काय लिवलं हाय?"

"डॉक्टर सांगतील," मी म्हणाले.

"तू वाचलं ना? मंग तू सांग."

मी सांगितलं. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात त्याआधी कधी कुणी उच्चारला नव्हता. आईनं हात धुतले, पदराला पुसले आणि पाटावर बसली. मला वाटलं, आता ती रडेल. ती म्हणाली, "बरं. आता कोणापाशी कापायचं ते पाहू."

वस्तीतले डॉक्टर भला माणूस. त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं, "ऑपरेशन करावंच लागेल. मुंबईला मोठं हॉस्पिटल आहे. धंतोलीत खाजगी सर्जन आहेत. आपल्या सरकारी दवाखान्यातही एक चांगले सर्जन आहेत. ठरवा, पण ठरवण्यात महिना घालवू नका."

आईनं विचारलं, "मुंबईले काही निराळं करतीन का?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "गाठ लहान आहे. ऑपरेशन तेच. नंतरची किरणं द्यायचं मशीनही आता नागपुरात आहे."

"मंग इथंच पाहू."

पण घरात ठरवायचं काम तिचं नव्हतं. ते मोठे बाबांचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचं. शेजारीच राहायचे. लग्न, जागा, नोकरी, आजार, सगळ्याचा शेवटचा शब्द त्यांचा. बाबा त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसत, आणि आई त्यांच्याशी थेट बोलत नसे; डोक्यावर पदर घेऊन दाराआडून मला निरोप सांगायची. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "धंतोलीतच दाखवायचं. शहरातले एक नंबरचे सर्जन. उद्याच जाऊ."

गेलो. दवाखाना चकचकीत, बसायला गाद्यांच्या खुर्च्या. सर्जननी आईला नीट तपासलं, यात शंका नाही. पण तपासून झाल्यावर ते मोठे बाबांकडे वळले आणि सगळं त्यांनाच सांगू लागले. गाठ, छाती, छातीखालचा स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं काढावं लागेल. पुढच्या आठवड्यात तारीख मिळेल. मोठे बाबा मान हलवत होते. आई माझ्या कानाशी लागली. तिचा प्रश्न मी मोठ्यानं विचारला, "हात पहिल्यासारखा चालेल का? ती माग चालवते."

सर्जन पहिल्यांदा आईकडे बघून हसले. "बाई, जीव पाहिजे की हात?"

आई उठली. बाहेर रिक्षात बसल्यावर मला हळूच म्हणाली, "माणूस वाईट नाई. पण त्यानं रिपोर्ट पायला, मले नाई पायलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तयार होऊन बसली होती. "चाल," म्हणाली, "सरकारीतलाही पाहून येऊ." मोठे बाबांना आम्ही सांगितलं नाही. बाबांना सांगितलं. ते पहिल्या पाळीला निघाले होते. घरातल्या एकुलत्या सायकलची किल्ली मला देऊन चालत गिरणीत गेले.

सरकारी दवाखान्यात चिठ्ठी काढायची रांग फाटकापर्यंत आलेली. चार तास गेले. हे सर्जन चाळिशीचे, किडकिडीत, बोलायला कंजूस. त्यांनी रिपोर्ट वाचला, पडद्याआड नेऊन नर्ससमोर आईला तपासलं. मग खुर्चीत बसवून आईलाच विचारलं, "काय काम करता?"

"माग चालवते."

"कोणत्या हातानं काय?"

आईनं दाखवलं. उजव्या हातानं वरची दोरी ओढायची, की धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे पळतो. डाव्या हातानं फणी ठोकायची. त्यांनी तिला तीच क्रिया दहा-बारा वेळा करायला लावली आणि तिच्या खांद्यावर, काखेपाशी बोटं ठेवून कोणता स्नायू हलतो ते बघितलं. माझ्या आईच्या कामाकडे इतक्या लक्षपूर्वक बघणारा शिकलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. खरं तर मीही तसं बघितलं नव्हतं. कॉलेजात कुणी विचारलं तर मी आईबद्दल "घरीच असते" एवढंच सांगायची.

"दोन तऱ्हा आहेत," ते म्हणाले. "जुन्या तऱ्हेत छातीचा स्नायूही काढतात. हात अधू होतो. नव्या तऱ्हेत तो ठेवतात. मी ठेवायचा प्रयत्न करीन. पण उघडल्यावर रोग तिथपर्यंत गेलेला दिसला, तर काढून टाकीन. तेव्हा तुमच्या मागाचा विचार करणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

"हाव," आई म्हणाली. मग तिनं जे विचारलं, त्यानं मीच चपापले. "तुमी ज्यायले कापलं, त्यातली एखादी बाई मले भेटन का?"

नर्सनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पत्ते देता येत नाहीत. मंगळवारी जुने पेशंट तपासणीला येतात. सिस्टर विचारतील. कुणी तयार झालं तर बोला."

मंगळवारी आम्ही बाकड्यावर बसून होतो. अकराच्या सुमाराला सिस्टर एका बाईला घेऊन आल्या. कळमेश्वरची, भाजीचा धंदा करणारी, आईपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. तिनं आईला पडद्याआड नेलं आणि सरळ चोळीची गाठ सोडली. मी वळून जायला लागले तर म्हणाली, "राय तू बी. तुलेच पायजे पाहून ठेवायले."

व्रण काखेपासून खाली आलेला, जुनी शिवण असते तसा. आईनं विचारून त्याला हात लावला. मग त्या बाईनं उजवा हात सरळ डोक्यावर नेला. "दोन वर्सं झाली. भाजीची पाटी मीच उचलते. पयले तीन महिने लय वाईट गेले. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. रडत न्यायचा. ज्या बाया रडून थांबल्या, त्यायचे हात तिथंच रायले."

"डॉक्टर कसा हाय?" आईनं विचारलं.

"कमी बोलते. पण रोज संध्याकायी सोता येऊन जखम पायते. वार्डात ढेकूण हाय, ते सांगून ठेवते. चादर घरची आणजो." मग थांबून म्हणाली, "माह्यासंगं आणखी एक होती. ती नाई वाचली. तिनं लय उशीर केला होता."

हे शेवटचं तिनं सांगितलं, म्हणून आईचा तिच्यावर विश्वास बसला. परत येताना ती सायकलवर माझ्या मागं बसली होती. म्हणाली, "झालं. इथंच."

संध्याकाळी मोठे बाबा धंतोलीची तारीख सांगायला आले. बाबा उभे राहिले. आई दाराआड गेली नाही. पदर डोक्यावर घेतला, पण समोर उभी राहिली आणि त्यांच्याशी पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं बोलली.

"भाऊजी, मी सरकारी दवाखान्यात कापून घेणार हाय. मी दोन्ही डॉक्टर पायले. सरकारीतल्यानं वाचवलेली बाई बी पायली."

मोठे बाबा माझ्या वडिलांकडे बघून म्हणाले, "लोक काय म्हणतीन? सुनेले सरकारीत टाकलं?"

"लोकायले सांगा, तिनं सोता निवडला."

"अन काही उलटं झालं तर?"

"तर माह्या निवडण्यानं झालं. तुमच्यावर बोल नाई येणार."

ते बाबांकडेच बघत राहिले. बाबांनी आयुष्यात भावाला उलट उत्तर दिलं नव्हतं. खाली मान घालूनच ते म्हणाले, "दादा, देह तिचा हाय. ती म्हणते तिथं मी तिले नेतो."

मोठे बाबा चहा न घेता गेले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संमतीचा कागद आला. नवऱ्याची सही पाहिजे, असं कारकून म्हणाला. आईनं तो कागद मला वाचायला लावला, दोन ठिकाणी थांबवून अर्थ विचारला, आणि बाबांच्या सहीच्या वर आपली सही केली. अक्षरं सुटी सुटी, पण पूर्ण नाव. कारकून म्हणाला, "याची गरज नव्हती बाई." आई म्हणाली, "मले होती."

चार तास आम्ही वऱ्हांड्यात बसलो. तासाभरानं मोठे बाबाही आले, घरची धुतलेली चादर घेऊन, आणि बाबांच्या शेजारी जमिनीवर बसले. डॉक्टर बाहेर आले. "स्नायू ठेवता आला," एवढंच म्हणाले. बाबांना ते काय बोलले ते कळलं नाही. मी समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली.

पुढचं सोपं नव्हतं. किरणांनी कातडी भाजल्यासारखी झाली, जेवण जाईना. भिंतीवर बोटं चालवताना ती दात आवळून शिव्या द्यायची. कुणाला ते तिलाच माहीत. जिथवर बोट पोचेल तिथं मी पेन्सिलीनं रेघ ओढायची. पहिल्या महिन्यात रेघा एकमेकींना चिकटून होत्या. पावसाळा संपेपर्यंत त्या दाराच्या चौकटीच्या वर गेल्या. सहाव्या महिन्यात ती मागावर बसली. पहिल्या दिवशी चार बोटं विणलं. वीण सैल पडली होती, ती तिनं स्वतःच उसवून टाकली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. त्या वर्षी दिवाळीनंतर तिची पहिली नऊवारी दुकानात गेली.

दर तपासणीला सिस्टर तिला थांबवून घ्यायच्या. कुणीतरी नवी बाई घाबरून बसलेली असायची, आणि आई तिला पडद्याआड न्यायची. एकदा हिंगण्याच्या एक शिक्षिका आल्या होत्या. नवरा सोबत होता, तोच सगळं बोलत होता. आईनं त्याला बाहेर बसवलं आणि शिक्षिकेला व्रण दाखवला, हात वर करून दाखवला. बाई गहिवरून म्हणाल्या, "तुम्ही सांगता तर मी याच डॉक्टरांकडे करते."

"माह्या सांगण्यावर नका करू," आई म्हणाली. "आणखी एक डॉक्टर पाहून या. त्याले विचारा, अन त्यानं तुमाले उत्तर देल्लं का नवऱ्याले, ते पाहा. मंग ठरवा."

मी तेव्हा एम.ए. झाले होते आणि पडद्यापाशी उभी होते. शिक्षिकाबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"मुलगी," मी म्हणाले. "माझी आई विणकर आहे."

ऑपरेशननंतर आई एकवीस वर्षं जगली, त्यातली सतरा मागावर.