नंदिनीहून येणारं वजन

घरात गाडी आली की मागून किस्सेही येते. आमच्या दारात तर ते गाडीपेक्षा जास्त झाले.

माझा लेक सुधाकर भिलाई-३ मध्ये पिकप चालवते. जुनी देऊन त्यानं नव्या मॉडेलची मोठी आणली. नाक इतकं उंच, की मी समोर उभी राहिली तर त्याले दिसतच नाही.

पहिल्या दिवशी दार उघडलं, तशी खालून पायरी आपोआप सरकून बाहेर आली. मी चप्पल काढून चढली. सुधाकर म्हणे, "आई, देऊळ नाही हे!"

गाडीत काटाही आहे. मागच्या डाल्यात माल ठेवला की समोर स्क्रीनवर किलो दिसते. आमच्या विहीणबाई हौसेनं डाल्यात बसल्या. नातीनं आकडा मोठ्यानं वाचला. विहीणबाई तेव्हापासून ऑटोनं येते.

मग एक दिवस सुधाकर नंदिनी नगरात सिमेंट उतरवून रिकामा निघाला. स्क्रीनवर अठ्ठेचाळीस. डाला झाडला, तरी अठ्ठेचाळीस. आमच्या अंगणात गाडी लागली, तवा शून्य झालं.

असं तीनदा झालं. गॅरेजच्या मिस्त्रीनं सगळं उघडून पाहिलं आणि हात पुसत मले म्हणाला, "अम्मा, काँटा सही है. माल किसका है, वो देखो."

सून वनिता हे ऐकत होती. जे काही येते, ते आपल्याच अंगणात उतरते, एवढं तिले समजलं. तिनं नातीचे कपडे पिशवीत भरले. म्हणे, गाडी राहीन नाहीतर आम्ही. अन् घर तर त्याच गाडीवर चालते.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी सुधाकरसंगं नंदिनीले गेली. येताना डाल्यात बसली. भर दुपार, रस्ता मोकळा. तो केबिनमधून ओरडला, "आई, एकोणनव्वद!"

माझे एकेचाळीस. बाकीचे त्याचे.

भिलाईच्या शिवेवर मी गाडी थांबवाले लावली. घरून आणलेला नारळ कडेला टाकला. समोरच्या रिकाम्या पत्र्याकडं पाहून म्हटलं, "बाप्पा, घरी लेकरू आहे. तुले इथंच उतरा लागन."

मग सुधाकरचा आवाज आला, बारीक.

"आई, तू उतरली का?"

"नाही रे. कावून?"

"शून्य दाखवून राहिलं."

मी कठडा धरून उभी झाली. दोन्ही पाय जोरानं आपटले. पत्रा दणदण वाजला.

"आता?"

"शून्यच आहे, आई."