दगूबाईचा मोकळा हात

कोरीटची दगूबाई नाचण्यात काही फार मोठी नव्हती. अंगानं ठोकळ, पाऊल असं पडायचं जसं घर सारवायला माती तुडवतेय. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईपुढं बायांचा फेर धरला, की टोकाला दगूबाईच लागायची. एक हात फेरात, दुसरा बाहेर पसरलेला, मोकळा.

गावची रीतच तशी होती. फेराची दोन टोकं जुळवायची नाहीत. कुणी भाकरी थापून येई, कुणी म्हैस पिळून, कुणी भावजयीशी भांडून. येईल तिनं तो हात धरायचा आणि नाचायला लागायचं. पाऊल येतं का, हे विचारायचं नाही. सणाला माहेरी आलेल्या लेकी चार दिवसांनी सासरी जात. दगूबाईचा नवरा घरजावई, तिचं सासर-माहेर एकच. म्हणून तो हात तिच्याकडं आला आणि राहिला.

तो हात सगळ्यांत आधी धरायची छबूबाई. तीही गावातच दिलेली, गल्लीपलीकडं. लहानपणी बैलगाडीखाली सापडून तिचा डावा पाय वाकडा झालेला. सगळा फेर उजवीकडं निघाला की ही डावीकडं.

नाल्यापलीकडच्या गावाचा फेरही त्याच वेळी धरलेला असे. दोन्हीकडच्या बाया गाण्यातून एकमेकींना शिव्या देत नाचत. ज्यांचा फेर आधी तुटेल, ते हरले. कोरीट दरसाल हरे. छबूबाईचा पाय अडकायचा आणि सात-आठ बाया एकीवर एक पडायच्या. धुळीतूनच ती ओरडायची, "पडनूत ते आमनाच गावनी मातीवर पडनूत वं! तुमनी सासूना डोकावर नही पडनूत!" पलीकडच्यासुद्धा हसून हसून फेर सोडायच्या. खरं सांगायचं तर निम्म्या बाया नाचायला नाही, छबूबाईचं तोंड ऐकायला येत.

पुढं दगूबाईची लेक प्रमिला त्याच पलीकडच्या गावात दिली. तिची सासू आखाजीला नाल्याच्या काठावर बसून सगळं बघायची आणि मग वर्षभर सुनेला टोचायची, "तुन्ही मायले फेर धरता येस नही, तुले काय येई?"

दुसऱ्या आखाजीला पोर माहेरी आली ती रडवेलीच. "माय, औंदा बी फेर तुटना ते मी तठे तोंड कसं दखाडू?"

दगूबाईच्या डोक्यात ते रुतलं. सांज झाली. छबूबाई लंगडत आली, तर हात बाहेर नव्हता. दगूबाईनं दुसऱ्या टोकाच्या बाईचा हात घट्ट धरला होता. फेराची टोकं जुळलेली.

"छबू, औंदा तू बस. गानं म्हन."

"काबर वं?"

"मन्ही पोरना सासरना सवाल शे."

छबूबाई "बसस ना मग," म्हणाली आणि पाराच्या दगडावर टेकली. गाणीही म्हणाली, आवाज चढवून. फेर तुटला नाही. पलीकडचा तुटला. कोरीट जिंकलं, गूळ वाटला गेला, प्रमिला ताठ मानेनं सासरी गेली.

पुढच्या आखाजीला छबूबाई आली नाही. ती नाही म्हणून ऐकणाऱ्या आल्या नाहीत. ज्यांचं पाऊल कच्चं, त्या घरीच म्हणाल्या, "आमना पाय बी वाकडाच शे, आमले कोन घेई?" उरल्या त्या नाचणाऱ्या. त्यातली एक बाळंतीण झाली, एकीचा बाप गेला आणि माहेर तुटलं. दगूबाईनं हात पुन्हा मोकळा सोडला. पण तो धरायला कुणी येईना. फेराला दोन टोकं असायला मध्ये बाया लागतात.

शेवटी एका आखाजीला दिवस कलताना ती छबूबाईकडं गेली. छबूबाई ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत होती.

"छबू, चाल ना वं."

"तुन्ही पोरनी सासू आते काय म्हनस?"

दगूबाईनं मान खाली घातली. "म्हनस, तुन्हा मायना गावमा ते फेरच नही."

छबूबाई हसली, पहिल्यासारखी, पोट धरून. दगूबाईला वाटलं, जमलं. तिनं हात पुढं केला.

छबूबाईचं हसू आटलं. "मन्हा हात मिरचीना शेतस. धरशी ते झोंबी," म्हणाली आणि पुन्हा देठ खुडू लागली.

दगूबाईचा हात तसाच राहिला. मग ती ओट्यावर बसली, पाटी जवळ ओढली आणि तिच्याबरोबर देठ खुडू लागली.

त्या सांजेला कोरीटला फेर धरलाच नाही. नाल्यापलीकडून गाणं आलं. कोरीटच्या बायांच्या नावानं चांगली खमंग शिवी होती त्यात. दगूबाईनं छबूबाईच्या तोंडाकडं बघितलं. छबूबाईचे ओठ हलले. मग तिनं तोंडातला मिरचीचा खकाणा बाजूला थुंकला आणि पाटीतली पुढची मिरची उचलली.