धुरपदामावशींची तालीम

दौंडजवळच्या एका सरकारी दवाखान्यात धुरपदामावशी वीस वर्षं आया होत्या. दरवर्षी पुण्याहून शिकाऊ डॉक्टर यायचे. माणसाच्या अंगातली सगळी हाडं त्यांना तोंडपाठ. पण कुणी दगावलं आणि घरच्यांना सांगायची वेळ आली, की मेलेल्यापेक्षा ह्यांचाच चेहरा पांढरा पडे. ते शिकवायचं खातं मावशींनी आपणहून घेतलं होतं.

पहिला नियम: 'गेले' म्हणायचं नाही. कारण इथले अवघड पेशंट पुण्याला पाठवत. मागच्या सालच्या डॉक्टरांनी मान खाली घालून "आप्पा गेले" म्हटलं, तर आप्पांची माणसं जीप करून पुण्याला गेली. तिथले दोन दवाखाने पालथे घालून संध्याकाळी परत येतात, तर आप्पा इथंच. तेव्हापासून शब्द ठरला: 'वारले'.

ह्या खेपेला तेजश्री आली, आणि कासुर्डीच्या तात्याबांची खाट तिच्या वाट्याला. तात्याबा ऐंशीच्या पुढचे, आता चार दिवसांचे सोबती. पायाशी त्यांची बायको रतनबाई बसून. हे सांगणं आपल्याला जमायचं नाही म्हणून तेजश्रीनं बॅगच भरली, डॉक्टरकी सोडायची. मावशींचा जीव खालीवर झाला. सुई टोचण्याआधी पेशंटची माफी मागणारी डॉक्टरीण त्यांनी वीस वर्षांत पाहिली नव्हती.

त्यांनी तिला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं. हातात घरच्यांसाठी पाण्याचा तांब्या घ्यायचा, उभ्यानं बोलायचं नाही, शेजारी बसायचं. मग डोक्यावर पदर घेऊन मावशी स्वतःच रतनबाई झाल्या.

"आजी, तात्याबा वारले," तेजश्री कशीबशी म्हणाली.

"अवं धनी, मला टाकून कुठं गेला," मावशींनी स्वतःचाच नियम मोडत असा हंबरडा फोडला, की बाहेरची केसपेपरची रांग मोडली. कासुर्डीचा म्हातारा आटोपला म्हणे, अशी कुजबुज नळापर्यंत पोचली. चार जणांनी टोप्या काढल्या. नळावर धुणं धुवायला गेलेल्या रतनबाई पिळायचं लुगडं तिथंच टाकून खाटेकडं धावल्या. तात्याबांनी एक डोळा उघडला.

"अजून न्हाई," ते म्हणाले. "व्हईल तवा सांगतो."

मोठ्या डॉक्टरांनी मावशींना जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तात्याबांनी शब्द पाळला. मावशी दाराआड उभ्या राहिल्या. तेजश्री तांब्या घेऊन आली, रतनबाईंच्या शेजारी फरशीवर बसली.

"आजी, तात्याबा वारले."

रतनबाईंनी तिच्याकडं नीट बघितलं. "आज खरं का?"

तेजश्रीनं मान डोलावली आणि शिकवलेलं सगळं विसरून रडायलाच लागली. रतनबाईंनी पदरानं तिचे डोळे पुसले, तांब्या तिच्या तोंडाला लावला. "पी बाय. तू तरी किती येळा सांगशील." मग दोघी मिळून रडल्या.

संध्याकाळी मावशी तेजश्रीच्या खोलीवर गेल्या, तर बॅग अजून भरलेलीच होती.

"मावशी, पाणी मीच प्याले."

"पिऊ दे," मावशी म्हणाल्या. "म्होरल्या टायमाला दोन तांबे न्यायचे."

तेजश्रीनं बॅगेची चेन उघडली.