फ्रॉक वर करून

घाटकोपरच्या एका इस्पितळात, मुलांच्या हृदयाची तपासणी होते त्या खोलीबाहेर, मी भाच्याला घेऊन बसले होते. समोरून एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी दहा पावलं चालायची आणि गुडघे पोटाशी घेऊन उकिडवी बसायची. “चल ना गं, किती बसशील!” म्हणत बाई तिला दंडाला धरून उठवायची. लाडावलेली दिसतेय, असं मलाही वाटलं. तिचे जांभळट ओठ माझ्या लक्षात नंतर आले.

तपासणीनंतर बाई माझ्या शेजारी बसली. हातातला कागद तिने पार चुरगळला होता.

“जन्मापासून हृदयात भोक आहे म्हणे. खाली बसली की तिला बरं वाटतं, म्हणून बसते. आणि मी मारलंय तिला, ताई, रस्त्यात बसते म्हणून.” मग तिचा आवाज चढला. “भांडुपला तीन डॉक्टर केले. तिघांनी कफाचं औषध दिलं. एकानेसुद्धा फ्रॉक वर करून छातीला नळी लावली नाही!”

ऑपरेशन होणार होतं. उशीर झाला होता, पण वेळ गेली नव्हती.

निघताना मुलगी भर वाटेत पुन्हा बसली. वॉचमन ओरडला, “ओ मॅडम, उठवा तिला, रस्ता सोडा!”

“नाही उठणार ती,” बाई कडाडली. “ज्याला जायचंय तो वळसा घालून जाईल.”

आणि पिशवी टाकून ती स्वतःही मुलीशेजारी उकिडवी बसली. मागून येणारे सगळे, एक डॉक्टरसुद्धा, मुकाट्याने वळसा घालून गेले.