शिडाची तार कुठे तुटली?

पैनगंगेच्या घाटावरील ती दुर्घटना माझ्या स्मरणातून अद्याप गेलेली नाही. म्हणून जबाबदारी कोणाची, हे आरंभीच नोंदवून ठेवतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नावेचे शीड वर ओढण्याचा दोर काढून त्या जागी लोखंडी तार चढवली, हुकूम घाटावरील सरकारी ओव्हरसियरचा. पावसाळ्याच्या तोंडी नाव तपासून 'ठीक आहे' असा शेरा दिला. तोही त्याच ओव्हरसियरचा. नागपंचमीच्या आदल्या दिवशी ती तार तुटली. तोवर नावाड्याच्या तक्रारी ज्याने हसण्यावारी नेल्या, तो घाटाचा मक्तेदार. अटक मात्र नावाड्याला झाली.

मी तेव्हा वाशीम भागातील एका ठाण्यावर फौजदार होतो. मक्तेदार स्वतः खबर घेऊन आला. भर पाण्यात शिडाची तार तुटली, शीड उतारूंवर कोसळले आणि नाव कलंडली. काठ जवळ होता म्हणून सर्व जण वाचले. एका बाईचा हात मोडला.

"नावाड्यानंच कापली, साहेब. बाजारात चार लोकांसमोर म्हणाला होता, 'तुही तार मी तोडून फेकीन.' लिहून घ्या."

साक्षीदारांनी जबानीत तेच सांगितले. गुन्हा शाबीत झाला असता तर नावाड्याची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली असती. त्याला समोर बसवून मी विचारले, "असे म्हणाला होतास?"

"म्हटलं जी, रागात म्हटलं. त्याले दहादा सांगतलं, तार वाकून वाकून मरून राह्यली, मले अंबाडीचा दोर दे. तर तो मले म्हणे, लोखंडापेक्षा अंबाडी पक्की असते काय रे येड्या?"

"म्हणून तोडलीस?"

"लोकं बसवून कोन तोडते, साहेब? मी बी त्याच नावेत होतो ना!"

"तुला पोहता येते, म्हणून!" हवालदार गुरगुरला.

नावाड्याची बायको भाकरी घेऊन दारात उभी होती. ती तिथूनच कडाडली, "त्याले पोहता येते, पन बाकीच्याईले काठावर कोनं आनलं, हवालदार? तुमी आले होते काय वर्दी घालून?"

तिचे बोलणे बिनतोड होते. परंतु बोलणे हा पुरावा नव्हे.

आमचा मुलूख कापसाचा. प्रेसमध्ये रुईच्या गाठींना लोखंडी पट्ट्या आवळलेल्या पाहत आम्ही वाढलो. तेव्हा लोखंड ते पक्के, ही समजूत येथे कोणी तपासून पाहत नाही. मक्तेदाराच्या आरोपाचे सारे बळ याच समजुतीत होते. लोखंडी तार आपोआप तुटेलच कशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन मी घाटावर गेलो. कलंडलेली नाव काठाला आणून सरळ उभी केली होती. त्याच तारेच्या शिल्लक शेवटाचा एक तुकडा पंचांसमक्ष छिन्नीने तोडला. त्याचे टोक सपाट आणि चकचकीत निघाले. तुटलेल्या तारेचे टोक झिजलेल्या केरसुणीसारखे पिंजारलेले होते. त्यातील बहुतेक पेड गंजून काळे पडले होते. मोजकेच ताजे तुटलेले होते.

"रोज थोडी थोडी कापत आला असेल," हवालदाराने हेका सोडला नाही.

शंका रास्त होती. मी तारेची टोके घट्ट जुळवून शीड पूर्ण चढवायला लावले. तो सांधा वर सरकत गेला आणि डोलकाठीच्या माथ्यावरील कप्पीवर येऊन थांबला. शिपायाला वर चढवून ती कप्पी उतरवली. तिच्या खाचेत तारेच्या गंजक्या पेडांचे बारीक तुकडे रुतून बसले होते. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे तणावे त्याच तारेचे होते, त्याच दिवशी चढवलेले. पण ते जागचे हलत नसल्याने त्यांचा एकही पेड तुटलेला नव्हता. कप्पीवर रोज वाकणारी तारच तेवढी आतून तुटत गेली होती.

हवालदाराने खाचेतला एक तुकडा नखाने उकरून काढला. मग म्हणाला, "साहेब, हा माणूस सोडावा लागतो."

पंचनामा कोर्टापुढे ठेवला आणि नावाडी सुटला. कोर्टाच्या आवारात त्याची बायको हवालदाराला म्हणाली, "आता जेवाले या आमच्या घरी. नावेनंच या!"

"आधी दोर लाव म्हणावं, मग येतो," हवालदार म्हणाला, आणि नावाडी अटकेनंतर प्रथमच हसला. माझ्याही मनावरचे ओझे उतरले. त्या प्रकरणाने मला एक शिस्त लावली: वस्तू मोडली की संशयिताचा चेहरा वाचण्याआधी ती जिथे मोडली ती जागा पाहायची. पुढे त्या शिस्तीने आणखीही काही निरपराध घरी गेले.

परंतु गेल्या महिन्यात मी त्याच घाटावर उभा होतो. तणाव्यांना तार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. शिडाच्या कप्पीवरूनही पुन्हा तारच फिरते आहे! नावाडी आता दुसरा आहे, आणि उद्या ही तार तुटली तर ठाण्यात त्यालाच बसवले जाईल. म्हणून घाटाचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना मी येथे जाहीर विचारतो: कोर्टात शाबीत झालेली गोष्ट बाजूला सारून ही तार कोणाच्या हुकुमाने चढवली? उत्तर मला खासगीत नको. घाटावर, उतारूंच्या देखत, हुकूम देणाऱ्याने स्वतः उभे राहून ते द्यावे. आणि तोवर ती नाव काठालाच बांधून ठेवावी.